साठीनंतर पुन्हा पाण्यात: विहीर, तलाव, शेततळं (अनुभव धागा)

आपल्याकडे खेड्यात पोहणं शिकवत नसत, ढकलत असत. पाठीला वाळका भोपळा नाहीतर झाळलेला रिकामा डबा बांधायचा आणि काकानं विहिरीत लोटायचं. तशी शिकलेली एक अख्खी पिढी नंतर नोकरी, शेती, संसारात चाळीस-चाळीस वर्षं कोरडी राहिली. आता त्यातले काही जण पुन्हा उतरू लागलेत. कुणाला डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी सांगितलं, कुणाला नातवानं चिडवलं, कुणाचं नुसतंच मन झालं. तरणतलाव जिल्ह्याच्या गावी, इथे आहे ते विहीर, नदी, तलाव नि शेततळं. तर सांगा, पुन्हा उतरलात तेव्हा अंगाला काय आठवलं, काय नाही? उपदेश कमी, घडलेलं जास्त.

निवृत्त शिक्षक, आर्वी तालुका

हात-पाय मारणं विसरत नाही हे खरंच. पहिल्या दोन हातांतच अंग आपोआप आडवं झालं, डोक्याला विचारावंसुद्धा लागलं नाही. विसरला तो दम. लहानपणी विहिरीच्या तळाची माती मुठीत घेऊन वर यायचो. आता मधेच कानात दडे बसतात आणि छाती म्हणते, गुरुजी, वर चला. गळ्याएवढ्या पाण्यात छातीवर चहूबाजूंनी दाब येतो, त्यामुळे श्वास ओढायलाच जास्त जोर लागतो. तरुणपणी हे जाणवत नाही, साठीत जाणवतं.

पण खरी परीक्षा पोहण्याची नाही, बाहेर येण्याची. आमची विहीर बांधीव, आतून दगडी टप्पे काढलेले. दिवाळीत पाणी वरच्या टप्प्याशी असतं, मे महिन्यात पार तळाला. म्हणजे उन्हाळ्यात पोहून दमल्यावर वर चढायचं आहे दोन मजल्यांएवढं, ओल्या पायांनी, तेही एका वेळी एकच पाय मावेल अशा दगडांवरून. पोरगा असताना हे माकडासारखं चढायचो. आता मी जून-जुलैचा पाऊस लागून पाणी वर आल्याशिवाय उतरतच नाही. मेच्या उन्हात पोहण्याची हौस असलेल्यांनी आधी कोरड्या अंगानं एकदा टप्पे चढून-उतरून बघावेत.

आणि मोटर. स्टार्टर बंद असून भागत नाही, फ्यूज काढून खिशात ठेवतो. ऑटो स्विच लावलेला असला की लाइन आल्याबरोबर मोटर आपली आपण सुरू होते, आणि विहिरीत लोंबणारी केबल कुठे सोललेली आहे ते कुणाला ठाऊक?

गृहिणी, माहेर कौंडण्यपूरजवळ, सासर मोर्शीकडे

बायकांचं कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते. माहेर वर्धा नदीच्या काठावर. आम्ही पोरी पोरांच्या बरोबरीनं डोहात असायचो, मी तर दरडीवरून मुटका मारायची. मग एक दिवस आईनं सांगितलं, आता पुरे, मोठी झालीस. विषय संपला. सासरी तर कुणाला माहीतही नव्हतं मला पोहता येतं ते.

यंदा आमच्याच वावरातल्या विहिरीत उतरले. सोबत जाऊबाई काठावर, हातात दोर. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या, त्यांना कळलं तेव्हा वाटलं आता बोलणी बसणार. तर म्हणतात, "मले काऊन नाई नेलं वं? मीबी पोवत होती."

साडीत उतरू नका. पाण्यात पदर सुटतो, पायात गुंडाळतो आणि ओली नऊवारी काय वजनाची होते ते धुणं धुणाऱ्या बाईला सांगायला नको. मी मुलीचा जुना टी-शर्ट आणि लेगिंग घालते, वरून काठापर्यंत साडी. पहाटे माणसांची वर्दळ सुरू व्हायच्या आत जातो.

एक गंमत झाली. तरुणपणी मला पाठीवर तरंगता येत नसे, पाय बुडायचे. आता उताणी पडले की लाकडाच्या ओंडक्यासारखी तरंगते! वयानं अंगावर आलेली चरबी पाण्यात कामाला येते, बायकांना जरा जास्तच. गुडघे जिना चढताना कुरकुरतात, पाण्यात गप्प. रात्री झोपही लागते.

बुलढाण्याकडून, थोडक्यात

बीपीची गोळी चालू असेल तर पाण्यातून एकदम उभे राहू नका. आत असताना पाण्याच्या दाबानं पायांतलं रक्त वर छातीकडे आलेलं असतं. बाहेर पडलं की ते पुन्हा खाली उतरतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. मी काठावर पाय सोडून बसतो, पाणी पितो, मग उठतो. पाण्यात सारखी लघवीला लागते तीही याच कारणानं, घाबरून साखर तपासायला पळू नये. (डॉक्टरांना विचारूनच उतरलोय, ते वेगळं सांगत नाही.)

यवतमाळ जिल्हा, कास्तकार

आमच्या वावरात विहीर नाई, शेततळं हाये. सरकारनं 2016 मंदी 'मागेल त्याला शेततळे' काढलं त्यातलं, वरून पदरच्या पैशानं पाणी मुरू नये म्हून 500 मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद टाकला. लोकायले वाटते शेततळं म्हंजे काय, उथळ डबकं. लेकाहो, तीन मीटर खोल रायते ते! आन चारी बाजूनं उतार, उतारावर गुळगुळीत कागद, कागदावर शेवाळ. माणूस उतरते आरामात, पण निंगत नाई. पट्टीचा पोवणारा काठाले येते, हात टेकवते, घसरते, पुन्ना टेकवते, पुन्ना घसरते. त्याचा दम पोवण्यात नाई, काठावर जाते. पोट्टे आन जनावरं अशीच गेली हायेत ठिकठिकाणी.

म्हून म्या पाण्यात पाय टाकायच्या आधी वर याचा रस्ता केला. चारी बाजूनं सिमेंटचे खांब गाडले, त्याले नायलॉनचे दोर बांधून पाण्यात सोडले. दोराले हात-हात अंतरावर गाठी, कारण ओल्या दोरावरून बुढ्याची मूठ सरकते. एका बाजूनं मोटरसायकलचे जुने टायर एकमेकाले बांधून काठावरून खाली सोडले, त्याची शिडी होते. टायर घेतानी तार निंगालेले घेऊ नका, कागद फाटते आन मंग घरची मंडळी पोवूच देत नाई. ट्रॅक्टरची हवा भरलेली ट्यूब पाण्यात कायम सोडलेली असते. वय त्रेसष्ट, ट्यूब धरून पोवायची लाज मले वाटत नाई. हासणारे काठावरच हायेत.

वाशीमकडून

मी उतरलो आणि परत वर आलो, कायमचा. कानाचा पडदा आधीच नाजूक, विहिरीचं पाणी गेलं आणि महिनाभर ठणका. आता काठावर बसून नातवाला सूचना देतो. हाही अनुभवच.

अर्जुनी मोरगाव, निवृत्त ग्रामसेवक

आमच्याकडे विहिरीचं एवढं अप्रूप नाही, तलाव आहेत. भंडारा-गोंदिया-चंद्रपूर-गडचिरोलीतले हे जुने मालगुजारी तलाव. (मालगुजार म्हणजे सारा वसूल करणारे जमीनदार.) गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी बांधले, 1951 मध्ये मालगुजारी गेली, नाव राहिलं. विहिरीसारखी उभी खोली नाही, काठावरून हळूहळू उतरता येतं, म्हणून आमच्या वयाला हे पाणी चांगलं. पाय टेकत असतील तोवरच आडवं पोहायचं, म्हणजे काठाला समांतर. पलीकडच्या पाळीला (बांधाला) हात लावून येण्याची खुमखुमी घरी ठेवून यावी.

दोन धोके. शिंगाड्याचे वेल लावलेल्या बाजूला जाऊ नका, पायात गुंततात आणि झटके दिले की आणखी आवळतात. तळाला गाळही भारी, उभं राहायला गेलं की मांडीपर्यंत पाय आत. आमच्या गावचे मासेमारी करणारे ढिवर दादा मला म्हणाले, "साहेब, पाय फसला तं उभे नोका राहू जी. पाठीवर पडा, हातानं हळू वल्हवा, पाय आपोआप सुटते." तसं करून पाहिलं, उथळ पाण्यात. सुटतो.

त्यांनीच सांगितलेलं दुसरं, आणि हे नंतर आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनीही सांगितलं: बुडालेल्याला बाहेर काढल्यावर उलटं टांगणं, पोट दाबून पाणी काढणं, गरगर फिरवणं यात वेळ घालवू नये. श्वास नसेल तर लगेच तोंडानं श्वास द्यायचा, छाती दाबायची, कुणाला तरी 108 ला फोन करायला लावायचा. आणि बुडणाऱ्यामागे उडी मारण्याआधी दोर, ट्यूब, धोतर, हाताला लागेल ते फेकायचं. आपल्या वयात तर उडी नकोच.

आर्वीचे गुरुजी, पुन्हा

मोर्शीच्या ताईंना विचारायचं होतं, सासूबाई उतरल्या का?

मोर्शी

उतरल्या ना! विहिरीत नाही, पाटाच्या पाण्यात, कमरेएवढ्या. आम्ही दोघी जावा दोन बाजूंना. पाण्यात बसल्या, डोकं मागं टाकलं, पाय उचलले आणि तरंगल्या. मग उठून माझ्यावरच डाफरल्या, की पाणी गढूळ आहे, उद्या पाटाच्या पाण्याची पाळी सुरू होते तेव्हा सकाळी लवकर आणा.