निवेदनाला फक्त पोच मिळते: हवामान बदलाबाबत सरकारकडे नेमके काय मागावे?

प्रश्न

आम्ही काही नागरिक दोन वर्षांपासून हवामान बदलाच्या प्रश्नावर एकत्र काम करत आहोत. हरितगृह वायूंचे उत्सर्जन कमी करण्यासाठी सरकारने ठोस पावले उचलावीत, असे निवेदन आम्ही तयार केले, त्यावर बऱ्याच सह्या गोळा केल्या आणि ते लोकप्रतिनिधींना व संबंधित खात्याला दिले. दोन्हीकडून आलेली उत्तरे जवळजवळ सारखीच होती: सरकार या विषयाबाबत गंभीर आहे आणि आपल्या भावनांची नोंद घेण्यात आली आहे. पुढे काहीही घडले नाही. आता गटातील काही जण न्यायालयात जावे असे म्हणतात, काहींना मोर्चा हाच मार्ग वाटतो, तर काहींनी येणेच बंद केले आहे. ज्या देशांत नागरिकांच्या दबावामुळे सरकारी धोरण खरोखर बदलले, तिथे त्यांनी काय वेगळे केले होते? जाणकारांनी कामाची पद्धत समजावून सांगावी, ही विनंती.

प्रतिसाद १

माझ्या मते अडचण सह्यांच्या संख्येत नसून ‘ठोस पावले’ या शब्दांत आहे. या मागणीला कोणतेही सरकार ‘होय’ म्हणू शकते आणि नंतर काहीही न करता आपण शब्द पाळला असेही म्हणू शकते. ज्या मागणीला केवळ आश्वासन देऊन भागत नाही, अशी मागणी शोधणे हे मोहिमेचे पहिले आणि सर्वांत कठीण काम आहे.

ब्रिटनचे उदाहरण मला यासाठी फार मोलाचे वाटते. तिथे ‘फ्रेंड्स ऑफ द अर्थ’ या संस्थेने 2005 मध्ये सुरू केलेल्या मोहिमेची मागणी एकच होती: उत्सर्जन दरवर्षी कमी करण्याचे बंधन सरकारवर घालणारा कायदा. सुमारे दोन लाख लोकांनी आपापल्या खासदारांशी संपर्क साधला आणि 646 पैकी 412 खासदारांनी या मागणीच्या प्रस्तावावर सही केली. प्रत्येक मतदार आपल्याच खासदाराला ‘तुम्ही सही केली का?’ एवढे एकच विचारू शकत होता, आणि या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ यांपैकी एकच असू शकत होते. नोव्हेंबर 2008 मध्ये कायदा झाला. विधेयकात आधी 2050 पर्यंत 60 टक्के कपातीचे उद्दिष्ट होते, ते अंतिम कायद्यात 1990 च्या तुलनेत 80 टक्के झाले आणि 2019 मध्ये निव्वळ शून्यापर्यंत, म्हणजे जेवढे उत्सर्जन उरेल तेवढे हवेतून काढूनही घेण्यापर्यंत, नेण्यात आले.

मात्र 2050 च्या आकड्यापेक्षा मला त्या कायद्याची रचना महत्त्वाची वाटते. दूरच्या वर्षाचे वचन देणे सोपे असते, कारण ते देणारे तोवर सत्तेवर नसतात. म्हणून वार्षिक बंधनाऐवजी का होईना, पण दर पाच वर्षांसाठी उत्सर्जनाची कमाल मर्यादा बरीच आधी ठरवणे, त्यासाठी सल्ला देणारी स्वतंत्र तज्ज्ञ समिती असणे आणि तिने संसदेपुढे प्रगतीचा अहवाल ठेवणे, या गोष्टी कायद्यातच लिहिल्या गेल्या. त्याचा उपयोग पुढेही झाला: सरकारची योजना या कायद्यातील अटी पूर्ण करत नाही, असा निकाल तिथल्या उच्च न्यायालयाने 2022 आणि 2024 मध्ये दिला, आणि दोन्ही वेळा याचिकाकर्त्यांमध्ये हीच संस्था होती.

प्रतिसाद २

वरील मताशी सहमत आहे. न्यायालयाच्या मार्गाबद्दल थोडी भर घालतो. आयर्लंडमध्ये नागरिकांच्या एका संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सरकारची 2017 ची योजना रद्द केली. ती पुरेशी महत्त्वाकांक्षी नाही असे कारण न्यायालयाने दिले नाही. उद्दिष्ट कसे गाठले जाणार आहे हे ती वाचणाऱ्या सामान्य, विचारी माणसाला कळावे इतका तपशील तिच्यात नाही, हे कारण होते. 2015 च्या तिथल्या कायद्याने असा तपशील आवश्यक ठरवला होता, म्हणूनच हे शक्य झाले.

पण निकाल लागला म्हणजे काम संपले, असे समजू नये. एप्रिल 2024 मध्ये स्वित्झर्लंडमधील ज्येष्ठ महिलांच्या संघटनेने युरोपीय मानवी हक्क न्यायालयात आपल्या सरकारविरुद्ध ऐतिहासिक विजय मिळवला, आणि जूनमध्ये तिथल्या संसदेने देशाचे सध्याचे प्रयत्न पुरेसे आहेत अशी भूमिका घेतली. संसदेत आणि मतदारांत पाठिंबा उभा नसेल, तर निकाल कागदावर राहण्याचा धोका असतो. तुमच्या गटाने याचिकेचा विचार जरूर करावा, पण आधी अनुभवी वकिलाकडून आपल्या कायद्यात कोणते बंधन आधीच लिहिलेले आहे हे समजून घ्यावे.

प्रतिसाद ३

सह्यांना इतके कमी लेखू नये, असे मला वाटते. स्वित्झर्लंडमध्येच ठरावीक मुदतीत एक लाख सह्या जमल्या, तर राज्यघटनेतील बदलाच्या प्रस्तावावर देशभर मतदान घ्यावे लागते. हिमनद्यांच्या नावाने चाललेल्या मोहिमेने तेवढ्या सह्या मिळवल्या, तेव्हा संसदेला पर्यायी कायदा करावा लागला आणि जून 2023 मध्ये 59 टक्के मतदारांनी तो स्वीकारला. दोनच वर्षांपूर्वी, 2021 मध्ये, याच मतदारांनी दुसरा हवामान कायदा थोड्या फरकाने फेटाळला होता. त्या कायद्यात इंधन आणि विमान तिकिटांवरील आकारणी होती. 2023 च्या कायद्यात घरांतील जुनी तापवण्याची यंत्रणा बदलण्यासाठी अर्थसाहाय्य होते. निकालातील फरकाचे हे एकमेव कारण म्हणता येणार नाही, तरी मागणीचा खर्च कोणाच्या खिशातून जाणार आहे याचे उत्तर निवेदनातच असावे, हे मी यातून शिकलो. उत्पन्न कमी असणाऱ्या कुटुंबांवर भार टाकणारी मागणी मला न्याय्यही वाटत नाही आणि ती टिकतही नाही.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आमचे निवेदन मी आज पुन्हा वाचले आणि त्यात एकही वर्ष, एकही आकडा किंवा जबाबदार खात्याचे नाव नाही, हे लक्षात आले. पुढच्या बैठकीत आम्ही मागणी नव्याने लिहिणार आहोत. एक शंका आहे: पाच वर्षांची मर्यादा, स्वतंत्र समिती आणि खर्चाची विभागणी या तिन्ही गोष्टी एकाच वेळी मागाव्यात, की एकीपासून सुरुवात करावी?

प्रतिसाद १ (पुन्हा)

तिन्ही गोष्टी मसुद्यात असू द्या, पण लोकप्रतिनिधींना भेटताना एकच प्रश्न घेऊन जा: पाच वर्षांची मर्यादा कायद्यात असावी यासाठी आपण सभागृहात लेखी प्रस्ताव मांडाल का, आणि कोणत्या अधिवेशनात? उत्तराची तारखेसह नोंद ठेवा आणि ती सह्या करणाऱ्या प्रत्येकाला कळवा. जे येईनासे झाले आहेत, त्यांनाही.