सोसायटी ग्रुप, कुडाळ : तो फोटो काढा आधी

प्रभू सर (ए-३०१): सकाळी सकाळी विरोधी नेत्याचं तोंड गाढवाच्या धडाला चिकटवून कोणी टाकलंय ते सगळ्यांना दिसतंय. टीका जरूर करा, हे थेर बंद करा. ग्रुपवर मुलं आहेत.

नाईक (बी-१०२): फॉरवर्ड आहे सर, मी बनवलेला नाही. आमच्या नेत्याचं कार्टून आलं तेव्हा तुम्हीच अंगठा दाखवला होतात.

परब काका: कार्टून आणि गाढाव एक नाय रे.

तेंडोलकर वहिनी: लिफ्टमध्ये परत माशाचं पाणी सांडलंय. पिशवी कोणाची?

नाईक: माझा मुद्दा एवढाच. नेता कणखर हवा. गोड बोलून देश चालत नाही.

प्रभू सर: कणखर म्हणजे शिवराळ नव्हे. १९९४ साली पाकिस्तानने काश्मीरवर जिनिव्हात ठराव आणला, तेव्हा नरसिंह रावांनी शिष्टमंडळाचं नेतृत्व दिलं ते विरोधी पक्षनेते वाजपेयींना. ठराव पाकिस्तानला मागे घ्यावा लागला. आज असं कोणी कोणाला पाठवेल?

शिरोडकर (सेक्रेटरी): सर, माफ करा, पण गेल्या मिटिंगला तुम्ही मला सगळ्यांदेखत 'बिनडोक' म्हणालात.

प्रभू सर: तो विषय वेगळा. टाकी साफ न होता बिल पास केलंत.

शिरोडकर: कमिटीने केलं. मिनिट्स वाचा, मग बोला.

परब काका: आमच्या राजापूर मतदारसंघान नाथ पैंका १९५७, ६२, ६७ तीनय खेपेक निवडून दिल्यान. मंत्री कधी झाले नाय. पण लोकसभेत उभे रवले की समोरचे ऐकत. माझ्या बापाशीन त्यांची सभा उभ्यान ऐकल्यान, रात्री कंदील घेवन चलत घराक इलो.

नाईक: परत टाकतो, कोणी वाचलेलं दिसत नाही. नेता कणखर हवा. गोड बोलून देश चालत नाही.

सई (बी-२०३): काका, नाथ पैंनंतरचे आपले खासदार मधु दंडवते आणीबाणीत तुरुंगात होते. १९७७ ला रेल्वेमंत्री झाले तेव्हा सूड उगवत बसले नाहीत, दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी आणली.

शिरोडकर: ती गादी चतुर्थीला मिळते कुठे? बुकिंग उघडलं की संपलं.

सई: तुतारी बघा ना.

नाईक: पक्षाचा प्रचार नको ग्रुपवर!!

सई: अहो गाडी आहे ती! दादर-सावंतवाडी!

परब काका: हसान हसान ठसको लागलो.

नाईक: एवढे चांगले होते तर १९९१ ला दंडवते पडले कसे?

प्रभू सर: पडले. वीस वर्षं खासदार राहिलेल्या माणसाला आपणच पाडलं. ते आपल्याबद्दल सांगतं, त्यांच्याबद्दल नाही.

नाईक: म्हणजे कणखरपणा कमी पडला. मी तेच म्हणतोय.

परब काका: तुरुंगात रवलेलो माणूस तो, नाईकानु. लिफ्ट दहा मिन्टा बंद पडली तेव्हा तुम्ही आतसून कसे बोंबललास ता तिसऱ्या माळ्यापर्यंत ऐकाक इला.

तेंडोलकर वहिनी: पिशवी कोणाची, सांगत नाही कोणी.

शिरोडकर: सूचना. रविवारी कमिटीची निवडणूक. सेक्रेटरीपदासाठी अजून एकही नाव आलेलं नाही. नाईकसाहेब, कणखर माणूस हवाय. घालू तुमचं नाव?

नाईक: रविवारी मी मालवणला आहे.

तेंडोलकर वहिनी: येताना मासे आणलेत तर जिन्याने या.