चाळ बिल्डरला द्यायची की म्हाडाला?

गिरणगावकर:
वरळीच्या बीडीडी चाळीत १६० फुटांच्या खोलीत जन्म गेलेल्यांना ५०० फुटांचं घर फुकटात मिळतंय, पहिल्या ५५६ जणांना ऑगस्ट २०२५ मध्ये चाव्यासुद्धा मिळाल्या. माझं म्हणणं एवढंच की तिथे विकासक म्हाडा, म्हणजे सरकारचंच गृहनिर्माण मंडळ आहे, मोठ्या कंपन्या नुसत्या कंत्राटदार, म्हणून हे जमलं. कंपनीला बांधू द्या, जमीन आणि विक्रीचा हिशोब तिच्या हातात देऊ नका. बोला.

टॉवरवाला_दादर:
नाही पटत. नारळ २०१७ ला फुटला, पहिली चावी आठ वर्षांनी. आणि ती जमीन आधीपासूनच सरकारी हो! खाजगी मालकांच्या, पागडी देऊन भाड्याने घेतलेल्या बिल्डिंगांचं काय करणार? तेरा हजारांच्या आसपास उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारती आहेत मुंबईत. आमच्या जिन्याला म्हाडाने टेकू लावले ते इतकी वर्षं राहिले की पोरं त्यालाच दोरी बांधून कपडे वाळत घालायची. शेवटी बिल्डर आला, वाढीव एफएसआयचे, म्हणजे जागेवर जास्त बांधायची परवानगी मिळाली त्याचे फ्लॅट विकले आणि त्यातून आम्हाला घर दिलं. कमावले त्याने पैसे, मग? फुकट कोण करतंय?

मनीषा_गोरेगाव:
तुमचं झालं म्हणून बोलताय दादा. आमच्या गोरेगावची पत्राचाळ आठवा. ६७२ कुटुंबं, २००८ चा करार, घरं रिकामी केली, मग बिल्डरने द्यायचं भाडं बंद, काम बंद, आणि जागेचा एफएसआय परस्पर दुसऱ्या बिल्डरांना विकलेला. २०१८ ला म्हाडाने विकासकाला काढलं तेव्हा कुठे गाडी हलली.

टॉवरवाला_दादर:
ताई, त्या करारात तिसरी सही म्हाडाचीच होती की! दहा वर्षं काय झोपा काढत होते?

कामगाराचा_नातू:
भांडा तुम्ही दोघं, पण बंद गिरण्यांच्या जमिनीचं विसरू नका. १९९१ च्या नियमात जमिनीचे तीन वाटे होते, एक पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ ला नियमात दुरुस्ती केली की वाटे फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेचे, शेड पाडून जी रिकामी होईल ती सगळी मालकाची. झालं, परळचे मॉल आणि टॉवर बघताय ना? २००६ ला सुप्रीम कोर्टानेही तेच कायम ठेवलं. कंपन्यांनी काहीच बेकायदा केलं नाही, दुरुस्ती सरकारनेच केली, म्हणून गिरणगावकरांचा म्हाडावरचा एवढा भरवसा मला झेपत नाही.

गिरणगावकर:
नातवाचा मुद्दा बरोबर. तरी सरकारला मोर्चा काढून, मत देऊन धरता येतं, बिल्डरला कुठे धरणार? आणि खाजगीत जायचंच असेल तर भाड्याचे चेक आणि बँक गॅरंटी हातात आल्याशिवाय खोलीची चावी देऊ नका. "सगळे सह्या करतायत" म्हणून आपणही करायची, ही आपली जुनी खोड.

सुनंदा_नायगाव:
आमच्या नायगावच्या बीडीडी चाळीत माझा नंबर अजून लागायचाय. पण एवढा उंच टॉवर, लिफ्ट, पंप, फायरची सिस्टीम... बारा वर्षं देखभाल म्हाडा बघणार म्हणतात. तेराव्या वर्षी पेन्शनवाल्याने मेंटेनन्स कुठून भरायचा? याचं कोणीतरी आकड्यात सांगा, बाकी भांडण नंतर करा.