कोल्हापूर एका दिवसात: दुपारचं जेवण कुठे आणि किती वाजता?

नाशिकचे_सहाजण

३१ जानेवारी (शनिवार) किंवा १ फेब्रुवारी (रविवार), यापैकी एक दिवस कोल्हापूर करायचं आहे. स्वतःची गाडी. सकाळी सातच्या आत पोचू, संध्याकाळी सातला परत निघणार. अंबाबाई, भवानी मंडप, नवा राजवाडा, रंकाळा आणि जमलं तर पन्हाळा असा बेत आहे.

माणसं सहा. तिघं मटण खाणारे, आजी-आजोबा शुद्ध शाकाहारी (आजोबांचे गुडघे दुखतात, खाली बसता येत नाही), आणि सात वर्षांचा मुलगा. त्याला मटण चालतं, तिखट अजिबात नाही.

एसी हॉटेल नको, आणि रीलमध्ये दिसलं म्हणून तासभर रांगेतही उभं राहायचं नाही. साधं, बसून, पोटभर जेवण हवं. प्रश्न असे:
१) देवळाजवळच जेवून घ्यावं का?
२) दुपारी जेवणाऐवजी मिसळ चालेल का?
३) पांढरा रस्सा पोराला देता येतो ना?

शिवाजीपेठेतला

आधी वाराचं बघा. रविवार हा कोल्हापुरात मटणाचा वार. घराघरात शिजतं, तरी खानावळी साडेबाराला भरतात ते तीनपर्यंत. त्यात तुमच्या रविवारी माघ पौर्णिमा आहे, म्हणजे देवळात गर्दी आणि जोतिबाकडच्या रस्त्यालाही गर्दी. शनिवारी बरीच घरं मटण खात नाहीत, म्हणून खानावळीत जागा लवकर मिळते. मात्र काही घरगुती खानावळी शनिवारी मटण करतच नाहीत, आदल्या दिवशी फोन करून विचारा. माझं मत शनिवारला.

दोन्ही दिवस किरणोत्सवाचे आहेत हेही धरून चाला. ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळतीची किरणं थेट गाभाऱ्यात येतात. पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. ते बघायला दुपारपासून माणसं जमतात आणि चारनंतर महाद्वार रोडच्या आसपास गाडी घालणं म्हणजे शिक्षा. दर्शन सकाळीच उरका.

आता जेवण. देवळाजवळ जेवू नका, हे पहिल्या प्रश्नाचं उत्तर. तिथलं सगळंच वाईट असतं असं नाही. पण महाद्वार, ताराबाई रोडच्या हॉटेलांचं गिऱ्हाईक पुन्हा येणारं नसतं, आणि पंजाबी, साऊथ इंडियन, चायनीज, कोल्हापुरी सगळं एकाच कार्डावर असतं. अशा ठिकाणी 'कोल्हापुरी' म्हणजे पनीरच्या भाजीत लाल रंग आणि वरून सुकी मिरची. शाकाहारी आणि अगदी साधं चालत असेल तर देवळाजवळच्या अन्नछत्रात दुपारी प्रसादाचं जेवण मिळतं. तिथे रांग लागते, पंगत उठेपर्यंत थांबावं लागतं.

क्रम असा लावा. गाडी बिंदू चौकाच्या पार्किंगला, तिथून देऊळ चालत. साडेसातला दर्शन, नऊच्या सुमारास बाहेर. भवानी मंडप लागूनच आहे, खासबाग मैदान तिथून पाच-दहा मिनिटं चालत. त्याच बाजूला नाश्ता. साडेदहाला नवा राजवाडा, म्हणजे देवळापासून अडीच-तीन किलोमीटर. आतलं म्युझियम नीट बघायला दीड तास धरा. बाराला बाहेर पडला की ताराबाई पार्क आणि शाहूपुरी दोन्ही जवळ, आणि जेवायची ठिकाणं इथेच जास्त. सव्वाबाराच्या आत ताटावर बसा. साडेबारा चुकले तर घाई करू नका, सरळ अडीच वाजता जा. मधल्या दोन तासांत टाउन हॉलचं म्युझियम होतं, ब्रह्मपुरीच्या उत्खननातली पोसायडनची छोटी ब्राँझ मूर्ती तिथे आहे. पोराला आधी दोन केळी द्या म्हणजे झालं.

तव्यावरची_भाकरी

वरचं वेळापत्रक बरोबर आहे. खानावळ कशी ओळखायची ते सांगतो, कारण नावं सांगून उपयोग नसतो. नावाजलेल्या ठिकाणी गर्दी झाली की पाहुणे शेजारच्या दारात शिरतात आणि मग 'कोल्हापूरचं काही खरं नाही' म्हणतात.

बाहेरच्या फळ्यावर पाच-सहाच ओळी असाव्यात: मटण थाळी, चिकन थाळी, अंडा थाळी, शाकाहारी थाळी, जादा मटण, खिमा. भाकरी थापल्याचा आवाज येतो का बघा. ज्वारीची भाकरी तव्यावरून उतरून दहा मिनिटं गेली की कडा चिवट होतात, डब्यात रचून ठेवली की वाफेने खालच्या ओलसर होतात. म्हणून एकेक मागवा, सहा एकदम नको.

थाळीत मटण मोजून येतं, रस्सा दोन्ही हवा तितका. हे बसायच्या आधी विचारा: "रस्सा परत मिळतो नव्हं? भात थाळीत आहे का वेगळा? एका ताटात दोघं चालतात का?" तिसऱ्या प्रश्नावर भांडणं होतात. ताट एक आणि जेवणारे दोन असले तर बहुतेक ठिकाणी रस्सा परत वाढत नाहीत किंवा जादा पैसे लावतात. तुम्हाला तीन मटण थाळ्या आणि दोन शाकाहारी. पोरासाठी वेगळं ताट नको, एक चपाती, वाटीभर दही आणि अळणी.

हे अळणी नीट समजून घ्या, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. इथे अळणी म्हणजे बिनमिठाचं नव्हे, बिनतिखटाचं. मटण आधी हळद, मीठ, आलं-लसूण आणि कांद्यावर पाणी घालून शिजवतात, ते पाणी म्हणजे अळणी. मग त्याचे वाटे पडतात. एका वाट्यात नारळाचं दूध आणि काजू, खसखस, तिळाचं वाटण घातलं की पांढरा. दुसऱ्यात भाजलेलं खोबरं-कांद्याचं वाटण आणि कांदा-लसूण चटणी गेली की तांबडा. पोराला वाटीभर अळणी आणि त्यातले दोन मऊ तुकडे मागा. पांढरा रस्सा दिसतो दुधासारखा, पण फोडणीत मिरे, लवंग, दालचिनी आणि बऱ्याच ठिकाणी चिरलेली हिरवी मिरची असते. पहिला घोट गोडसर लागतो, तिखट मागून घशात येतं. मुलं तिथेच फसतात.

पांढरा कधी प्यायचा यालाही महत्त्व आहे. नारळाचं दूध पडल्यावर तो खदखदला की फुटतो: वर तेलाचे थेंब, खाली कण आणि मधे पाणी. म्हणून चांगल्या खानावळीत तो मंद आचेवर किंवा गरम पाण्याच्या भांड्यात ठेवलेला असतो, आणि वाटीत कढत नाही, जेमतेम गरम येतो. उकळता आला तर संशय घ्या. गर्दीच्या दिवशी दोननंतर गरम पाणी घालून वाढवतात, मग वाटीचा तळ दिसायला लागतो. सव्वाबाराला बसायचं ते यासाठीसुद्धा.

तांबडा बघताना वरचा कट बघा. लाल तेलाचा थर पातळ आणि खाली रस्सा दाट असेल तर चटणी नीट परतली आहे. थर जाड आणि खाली नुसतं पाणी असेल तर वरून तेल सोडलंय. ताटावर बसलात की आधी पांढरा, मग भाकरी आणि सुक्कं, मग तांबडा. तोंड पेटलं तर पाणी पिऊ नका, मिरचीचा जाळ पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतो. दही किंवा पुन्हा पांढरा.

उद्यमनगर_नाका

मिसळीचं मी सांगतो. दुपारच्या जेवणाला मिसळ नको. नावाजलेल्या मिसळवाल्यांकडे सकाळी माल ताजा असतो, एक-दीडला बरेच जण आवरायला लागतात. शेवटच्या कटाला तळाची चटणी लागलेली असते, तिखट जास्त आणि चव कमी.

नाश्त्याला घ्या, पण सहा जणांत तीनच. सव्वाबाराला मटण खायचं असेल तर नऊला अख्खी मिसळ खाऊन काही उपयोग नाही. इथे मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड येतो, पाव मागू नका, लगेच ओळखू येता. "कट वेगळा द्या" म्हणून सांगा आणि दोन-दोन चमचे ओता. सगळा एकदम ओतला की दोन मिनिटांत फरसाण लगदा होतं. आजी-आजोबांना कट न घालता मटकी, बटाटा, कांदा, फरसाण आणि वर लिंबू. पोराला नुसता ब्रेड-बटर, त्याच्यावर प्रयोग करू नका.

गडाच्या_वाटेवर

पन्हाळ्याचं कुणी बोलेना म्हणून. गड २० किलोमीटर, गाडीने पाऊण तास, शेवटी घाट. मटण थाळी रिचवून लगेच घाटात गेलात तर मागच्या सीटवरचं पोर वळणावर ओकणार, एवढं नक्की. पन्हाळा करायचाच असेल तर वरचं सगळं वेळापत्रक उलटं होतं: दर्शन, नाश्ता, साडेनऊला थेट गड. तीन दरवाजा, अंधारबाव, अंबरखाना, सज्जाकोठी. जेवण गडावरच. तिथे झुणका-भाकरी, खर्डा (हिरव्या मिरचीचा ठेचा), कांदा, दही असं टपरीवर मिळतं, शाकाहारी माणसांना तर शहरापेक्षा बरं. झुणका मागताना तेल कमी आणि खर्डा वेगळा सांगा. बाकडं असलेली टपरी बघा, बऱ्याच ठिकाणी चटईवर बसवतात, आजोबांची पंचाईत होईल. मग मटण रात्री. पण तुम्ही सातला निघणार, म्हणजे मटण हुकलं. दोन्ही एका दिवसात बसत नाही, ठरवा. जुलै २०२५ पासून पन्हाळा जागतिक वारसा यादीत आहे, शनिवार-रविवारी वर पार्किंग आणखी अवघड झालंय.

नाशिकचे_सहाजण

सगळ्यांचे आभार. शनिवार नक्की, पन्हाळा रद्द. दोन शंका. शाकाहारी थाळी मटणाच्या खानावळीत खाणं आजींना जड जाईल, त्या भांडी वेगळी आहेत का विचारतील. आणि मटण पार्सल घेऊन रात्री गाडीत खाल्लं तर?

शिवाजीपेठेतला

भांडी वेगळी असतात असं कुणी सांगितलं तरी डाव आणि तवा एकच असतो, भाकरी तर एकाच तव्यावर. आजी विचारणारच असतील तर त्यांना मटणाच्या खानावळीत नेऊच नका. ताराबाई पार्क-शाहूपुरीत शुद्ध शाकाहारी थाळीची ठिकाणं चालत जाण्याच्या अंतरावर सापडतात. दोघांना तिथे बसवा, तुम्ही इकडे, पाऊण तासाने भेटा. तिथे अख्खा मसूर, वांग्याचं भरीत, पिठलं यांपैकी काय आहे विचारा. अख्खा मसूर असला तर तोच घ्या, आमच्याकडची खरी शाकाहारी डिश ती. 'व्हेज कोल्हापुरी' मात्र मागू नका, ती इथल्या कुणाच्या घरात होत नाही.

तव्यावरची_भाकरी

पार्सल घ्या, पण फक्त सुक्कं आणि भाकरी. रस्सा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून देतात. तांबड्याचं तेल गाठीतून झिरपतं आणि डिकीला महिनाभर वास राहतो. पांढरा तर घरी गरम करताना फुटतोच. न्यायचाच असेल तर घट्ट झाकणाची स्टीलची किटली आणा, इथली माणसंही तीच घेऊन उभी असतात. घरी किटली गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा आणि ढवळत राहा, थेट गॅसवर ठेवू नका.

उद्यमनगर_नाका

रंकाळ्यावर पाच वाजता भेळ खायला जागा ठेवा. हे दिवस म्हणजे गुऱ्हाळांचा हंगाम, तेव्हा परतताना रस्त्याकडेला ताजा गूळ मिळाला तर घ्या. फार पिवळाधमक नको, तपकिरीकडे झुकणारा बघा.