कॉमेंट्री घालवून नुसता ग्राउंडचा आवाज ठेवता येतो का? मदत हवी आहे

पार्कचौक:
सरळ विचारतो. टीव्हीवर मॅच बघताना कॉमेंट्री काढून नुसता ग्राउंडचा आवाज कसा ठेवायचा? म्यूट करा म्हणू नका, ते करून झालंय, म्यूट केलं की अण्णा उठून गॅलरीत जाऊन बसतात. तीन-तीन जण एकदम बोलतात, एकाचं संपायच्या आत दुसरा सुरू, इकडं बॉल पडतोय आणि यांचा वाद चालूच, टीममधे कोण हवा होता नि कोण नको. काल विकेट पडलेली कळलीच नाही. लवकर सांगा, उद्यापासून टेस्ट आहे.

नवीपेठ_७७:
टीव्ही कुठला? केबल, डिश का ॲप? ओरडणारे मॅच चालू असतानाचे का लंचमधले स्टुडिओवाले? काहीच न सांगता उत्तर कसं देणार मालक.

चादरवाला:
रिमोटवर भाषेचं बटण असतंय ते दाबा, हिंदीची इंग्लिश होतीय. आमच्यात इंग्लिशच लावतो, शांत बोलतात.

जुळेसोलापूर:
शांत कुठले ओ, तेही तेच करायलेत आता.

रेडिओप्रेमी:
टीव्ही म्यूट करून आकाशवाणी लावा. आम्ही बाळ ज. पंडितांची मराठी कॉमेंट्री ऐकून मोठे झालो, फिल्डर कुठं उभाय, बॉल कुठं गेला, सगळं डोळ्यासमोर यायचं.

जुळेसोलापूर:
काका, रेडिओवर आऊट झाला की टीव्हीवर बॉलर अजून पळत येत असतो, ॲपवर तर त्याहून उशीर. आणि त्यांना बोलणं नकोय, तुम्ही अजून बोलणंच देताय.

रेडिओप्रेमी:
बोलणं आणि भांडण यात फरक आहे की. ज्या सोलापुरात १९२६ ला पॉली उम्रीगर जन्मले तिथल्या पोरांना हे सांगावं लागतंय. टेस्टमधे डबल सेंच्युरी मारणारा पहिला भारतीय, १९५५ ला हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध २२३.

पार्कचौक:
उम्रीगरांबद्दल आदर आहे काका, पण माझं काय? केबलचा बॉक्स आहे. मॅच चालू असतानाचाच त्रास. आवाज होम थिएटरवर आहे, पाच स्पीकर, हे सांगायचं राहिलं.

नवीपेठ_७७:
हेच आधी सांगायचं ना! बोलण्याचा आवाज बहुतेक मधल्या स्पीकरमधे असतो, प्रेक्षकांचा बाजूच्यात. सराउंड मोड चालू ठेवून मधल्याची वायर काढा. फक्त एक, स्टंप माइकचा, म्हणजे स्टंपात बसवलेल्या माइकमधून येणारा बॅट-बॉलचा आवाजही मधेच असला तर तोही जाईल.

चादरवाला:
होम थिएटर कितीला पडलं? आम्हालाबी घ्यायचंय.

जुळेसोलापूर:
वायर काढायला कशाला पाहिजे, सेटिंगमधे आवाज एकसारखा ठेवायचा ऑप्शन असतो तो चालू करा, ओरडणं आपोआप दबतंय.

नवीपेठ_७७:
त्यानं ओरडणं आणि ग्राउंड दोन्ही एका पातळीवर येतं, त्यांना नेमकं उलटं हवंय.

पार्कचौक:
वायर काढून जुन्या मॅचवर बघितलं. बोलणं लई बारीक झालं, पब्लिकचा आवाज मस्त येतोय. पण बॅटचा आवाज गेला. अण्णा कानाचं मशीन लावतात, वय ७८, हेपण सांगितलं नव्हतं. मॅचला ते एक हात कानामागं धरून बसतात, कड लागली की पंचाच्या आधी "लागला" म्हणतात. तीन जण भांडायला लागले की मशीनमधे नुसता कल्ला होतो, मग ते मशीन काढून चष्म्याच्या डबीत ठेवतात आणि गॅलरीत जातात. आता वायर काढल्यावर गॅलरीत गेले नाहीत, पण दर बॉलला विचारतात, "लागला का रे?"

नवीपेठ_७७:
मग वायर परत लावा. मधल्या स्पीकरचा आवाज वेगळा कमी-जास्त करता येतो, तो थोडा-थोडा खाली आणा, अण्णांना समोर बसवून. ते सांगतील तिथं थांबा.

पार्कचौक:
करतो. पण होम थिएटरचा रिमोट सापडत नाहीये, पुढच्या बटणांवरून होतंय का ते? साडेनऊला टॉस नाही, पहिला बॉल आहे.