केतकीची शिष्यवृत्ती आणि टँकरचे साडेसहाशे

सुलभाताई, बी-३०२: नमस्कार मंडळी. बँकेतलं कळणारं कुणी जागं आहे का? आमच्या केतकीची शिष्यवृत्ती पाठवली असं महाडीबीटीवर (सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर) दिसतंय, पासबुकात दमडी नाही. कॉलेज म्हणतं बँकेत विचारा, बँक म्हणते कॉलेजात. ह्यांच्या तीन रजा गेल्या.

अनंतकाका, ए-१०१: मी जूनमध्येच सांगितलं होतं. आपल्या पतसंस्थेत खातं काढा. घरचा कारभार, व्याज जास्त.

सेक्रेटरी: टँकरचे प्रत्येकी ६५० आज संध्याकाळपर्यंत. 🙏

प्रशांत, बी-४०४: ताई, तिनं पुण्यात दुसरं खातं काढलंय का?

सुलभाताई, बी-३०२: हो, हॉस्टेलसमोर. टॅब घेऊन एक मुलगा आला, अंगठा घेतला, दहा मिनिटांत खातं. झिरो बॅलन्स म्हणाला होता. परवा किमान शिल्लक नाही म्हणून दंड लागल्याचा मेसेज आला.

प्रशांत, बी-४०४: मग पैसे तिकडेच. आधार पाच खात्यांना जोडा, सरकारी पैसे एकाच खात्यात येतात. ज्या बँकेनं शेवटी सीडिंग केलं, म्हणजे सरकारी पैशांसाठी आधारची नोंद केली, तिथे. त्या अंगठ्याबरोबर तेही झालं असणार. आधारच्या साइटवर 'बँक सीडिंग स्टेटस' बघा.

अनंतकाका, ए-१०१: पतसंस्थेत असले घोळ नसतात.

फडके सर, सी-२०१: कारण पतसंस्थेत शिष्यवृत्ती येतच नाही, अनंतराव. ती बँक नव्हे. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, सहकारी बँकेतल्यासुद्धा. पतसंस्थेला तो नाही.

अनंतकाका, ए-१०१: सर, निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तुम्हाला. आदर आहे म्हणून गप्प बसतो.

मनीषा, ए-३०३: 😂 गप्प?

प्रशांत, बी-४०४: सीडिंग स्टेटस बघा आधी.

फडके सर, सी-२०१: सुलभाताई, 'झिरो बॅलन्स' तोंडी ऐकून घेऊ नये. खात्याचा प्रकार लेखी विचारावा. मूलभूत बचत खातं (बीएसबीडी) प्रत्येक बँकेला द्यावंच लागतं, जनधन त्यातलंच. किमान शिल्लक नाही, एटीएम कार्ड फुकट, महिन्यात चारदा पैसे काढणं फुकट. मात्र त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही. शिवाय साध्या बचत खात्यावरचीही किमान शिलकेची अट स्टेट बँकेनं २०२० सालीच काढली, कॅनरानं जून २०२५ पासून. मग मुलांनी दंड भरायचाच कशाला?

मनीषा, ए-३०३: आमच्या ओमला टॅबवाल्यानं बॅग दिली होती. बॅगेची चेन आठवड्यात गेली.

सेक्रेटरी: बी विंग, ६५०.

ओम, ए-३०३: काका, एक सिनियर म्हणतोय तुझं खातं महिनाभर वापरू दे, दोन हजार देतो. चालतं का?

मनीषा, ए-३०३: ओम!! खाली ये.

प्रशांत, बी-४०४: अजिबात नको. फसवणुकीचे पैसे फिरवतात त्यातून. खातं गोठतं आणि पोलीस खातेदाराच्या दारात येतात, सिनियरच्या नाही.

अनंतकाका, ए-१०१: पतसंस्थेत प्रत्येक खातेदाराला आम्ही ओळखतो.

मनीषा, ए-३०३: काका, माझ्या स्कूटरपुढे लागलेली गाडीही ओळखा मग. तुमच्या जावईबापूंची आहे.

अनंतकाका, ए-१०१: पाहुणा माणूस आहे. दोन दिवस.

मनीषा, ए-३०३: गणपतीपासून दोन दिवसच चाललेत.

प्रशांत, बी-४०४: ताई, सीडिंग स्टेटस बघितलंत?

सुलभाताई, बी-३०२: बघितलं रे बाबा. पुण्याचीच बँक निघाली. केतकीनं तिथलं खातं तपासलं, पैसे गेल्या मंगळवारचे आलेत! फक्त ३५४ कापलेत.

फडके सर, सी-२०१: ३०० दंड, वर १८ टक्के जीएसटी. शाखेत लेखी तक्रार द्या, पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. आणि सीडिंग इथल्या जुन्या खात्याला परत करून घ्या, मगच पुण्याचं खातं बंद करा. उलट क्रम नको.

सुलभाताई, बी-३०२: सर, तक्रारीचा मजकूर तुम्ही सांगाल का? ह्यांचं मराठी म्हणजे…

फडके सर, सी-२०१: पाचनंतर या. चहा इकडेच.

अनंतकाका, ए-१०१: मी पण येतो. पतसंस्थेचं माहितीपत्रक आणतो.

सेक्रेटरी: सी-२०१ ला जमताय तर येताना ६५० आणा. सुट्टे नाहीत माझ्याकडे.