शब्दचर्चा : 'समुपदेशन'मधला उपदेश, आणि समोर बसलेल्या माणसाला म्हणायचं काय?

चोपडा, माध्यमिक शिक्षिका

नमस्कार. मी आठवी ते दहावीला शिकवते आणि सोबत समुपदेशनाची पदविका करते आहे. पेपर मराठीतून देणार. फ्रॉइडपासून बेकपर्यंत मनाच्या अभ्यासकांचे सिद्धांत वाचून झाले, बरेचसे समजलेही. अडले आहे ते शब्दांपाशी, आणि पहिली अडचण विषयाच्या नावाचीच आहे.

समुपदेशक उपदेश करत नाही, हे पुस्तक पहिल्या धड्यातच बजावतं. पण शब्दाच्या पोटातच 'उपदेश' बसलेला आहे. परीक्षेत दोन ओळी लिहून हे निभावेल, शाळेत निभत नाही. मधल्या सुट्टीत मारामारी झाली की निरोप येतो, "मॅडम, याचं जरा समुपदेशन करा." मुलगा मान खाली घालून, बोलणी खायच्या तयारीनंच येतो. वर्तमानपत्रात तर 'पोलिसांनी समुपदेशन करून सोडून दिले' हे वाक्य नेहमीचं. तिथे अर्थ एवढाच, की दम दिला. नववीतल्या पोराला हाच अर्थ माहीत असतो.

दुसरी गोष्ट संपर्कसत्रातली. जोडीजोडीनं सराव होता. एकीनं अडचण सांगायची, दुसरीनं ऐकून तिच्या मनातलं तिलाच परत सांगायचं. कार्ल रॉजर्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या पद्धतीतलं हे परावर्तन. मी आमच्या गल्लीतल्या बाईच्या तोंडचं बोलणं घेतलं : "पोऱ्या शाळामा जात नही, घरमा कोणी बोलत नही, माले काही सुधरत नही." समोरची मैत्रीण पुण्याकडची, मनापासून ऐकणारी. ती म्हणाली, "म्हणजे तुमच्यात काही सुधारणा होत नाही, असं तुम्हाला वाटतंय." सरावच होता, तरी माझं पुढचं बोलणं घशातच राहिलं. आपल्याकडे सुधरत नाही म्हणजे सुचत नाही. ती बाई हतबल आहे, आणि तिला उत्तर मिळालं की तू सुधारत नाहीस.

तर विचारायचं आहे : 'समुपदेशन'ला दुसरा शब्द आहे का? आणि जो बोलायला येतो त्याला काय म्हणावं? आमच्या पुस्तकात 'समुपदेशार्थी' आहे. मला तो उच्चारतानाच जड जातो.

जळगाव, निवृत्त मराठी शिक्षक

ताई, शब्दाची बाजू आधी मांडतो. उपदेश म्हणजे उप अधिक दिश्, जवळ बसून दिशा दाखवणं. 'दरडावून सांगणं' हा अर्थ त्यात मुळात नाही, तो आपण वापरून वापरून चिकटवला. आपल्या खान्देशात महानुभाव पंथाची घरं पुष्कळ. त्यांच्यात 'उपदेश घेतला' म्हणजे दीक्षा घेतली, आणि घरसंसारात राहून धर्म पाळणारा तो 'उपदेशी'. तिथे क्रियापद 'घेणे' आहे हे लक्षात घ्या. माणूस स्वतःहून जातो आणि घेतो. आपल्या शाळेत मात्र समुपदेशन 'करतात', तेही कुणाचं तरी. 'मुलाचं समुपदेशन केलं' आणि 'मुलाचं मुंडण केलं' यांची वाक्यरचना एकच. दोष धातूत कमी आणि 'करणे'त जास्त, असं माझं मत.

इंग्रजी शब्दाची गतही वेगळी नाही. काउन्सेलचं मूळ लॅटिन, आणि त्याचा अर्थ मसलत, सल्ला. फ्रँक पार्सन्सनं १९०८ साली बोस्टनमध्ये तरुणांना धंदा निवडायला मदत करणारी कचेरी काढली, तिथून या क्षेत्राची सुरुवात सांगतात. तिथे मार्गदर्शनच होतं. सल्ला बाजूला ठेवून ऐकण्याला मध्यभागी आणलं ते पुढे कार्ल रॉजर्सनं. म्हणजे त्यांच्याकडेही शब्द जुनाच राहिला आणि आशय बदलला. आपल्याला ते का जमू नये?

भुसावळ, परिचारिका

सरांचं व्युत्पत्तीचं बरोबर असेल, पण शब्द लोकांपर्यंत कुठल्या दारानं आला तेही बघायला हवं. सरकारी रुग्णालयात 'एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र' अशी पाटी असते. ती एचआयव्हीच्या तपासणीची खोली. चाचणीपूर्वी आणि चाचणीनंतर समुपदेशन, ही तिथली पद्धत. काम फार मोलाचं आहे. तिथं बसणाऱ्यांनी कित्येक घरं सावरलेली मी पाहिली आहेत. पण खेड्यातल्या बाईनं हा शब्द पहिल्यांदा वाचला तो त्या दारावर. बाळंतपणानंतर उदास झालेल्या एका पोरीला मी म्हटलं, "समुपदेशन घेऊन ये." तिची सासू पांढरीफटक पडली. "काय झालं हो हिला?" तेव्हापासून मी तो शब्द उच्चारत नाही. "त्या ताईंशी बोलून घे" एवढंच म्हणते.

आणि शहरातल्या पालकांना 'काउन्सेलिंग' म्हणा, ते मेडिकलच्या प्रवेशफेरीची तारीख विचारतात.

धुळे, वकील

दुसऱ्या प्रश्नावर लिहितो. आमच्या धंद्यात 'क्लायंट'ला शब्द आहे : अशील. मूळ अरबी. 'अस्सल' ज्या कुळातला त्याच कुळातला. असील म्हणजे मूळ माणूस, ज्याचं काम आहे तो. वकील म्हणजे त्याच्या वतीनं उभा राहणारा. खटला अशिलाचा असतो. वकिलाची फी गेली तरी जमीन जाते ती अशिलाची. आम्ही कितीही हुशार असलो तरी तडजोड करायची की नाही, हे अशील ठरवतो.

ताई, तुमच्या रॉजर्सनं 'रुग्ण' सोडून 'क्लायंट' का धरलं, हे मला ठाऊक नाही, पण अशिलाचा हा अर्थ तुमच्या कामाचा आहे का पहा.

चोपडा, माध्यमिक शिक्षिका

वकीलसाहेब, अगदी कामाचा आहे. रॉजर्सनं १९४२ च्या पुस्तकात 'रुग्ण'ऐवजी 'क्लायंट' वापरला आणि १९५१ साली आपल्या पद्धतीचं नावच त्यावरून ठेवलं. त्याचं म्हणणं असं, की काय दुखतं आणि कुठल्या वाटेनं जायचं हे येणाऱ्यालाच सगळ्यात जास्त ठाऊक असतं. समुपदेशकानं खरं राहायचं, समोरच्याला बिनशर्त स्वीकारायचं आणि त्याच्या जागेवरून पाहायचं. म्हणजे मूळ माणूस तोच. 'समुपदेशार्थी'त हे येत नाही. विद्यार्थी, शरणार्थी, लाभार्थी, सगळे काहीतरी मागायला दारात उभे. 'अशील'मध्ये तो मालक आहे. एकच अडचण : शाळेत म्हटलं तर पोरांना कोर्ट दिसेल.

सिस्टर, तुमचा अनुभव वाचून गप्प झाले. मी शाळेच्या खोलीवर तीच पाटी लावायला निघाले होते.

आता बाकीच्या शब्दांचं लिहिते. सिद्धांत शिकताना काही मराठी शब्दांनी मला चटकन वाट दाखवली, काहींनी चकवलं.

वाट दाखवली ती 'विवेकनिष्ठ'नं. अल्बर्ट एलिसनं १९५५ च्या सुमारास मांडलेली मानसोपचाराची पद्धत. कि. मो. फडके यांनी ती मराठीत आणली, आणि 'विवेकनिष्ठ' हा शब्द इतका बसला आहे की कुठल्याही मराठी घरात समजावा. घटना एक, तिच्याबद्दलचा आपला समज दुसरा, आणि त्रास होतो तो बराचसा समजामुळे, हे त्याचं सूत्र. एलिस ज्या हट्टी मागण्यांवर बोट ठेवतो त्या मराठीत एका अक्षरात मावतात : 'च'. 'मला नव्वद टक्के मिळायला हवेत' ही इच्छा झाली. 'मिळायलाच हवेत' म्हटलं की गळफास सुरू. दहावीच्या मुलींना मी वहीत त्यांची वाक्यं लिहायला सांगते आणि 'च'वर गोल करायला सांगते. एका मुलीच्या अर्ध्या पानात अकरा निघाले. ती स्वतःच बघत राहिली. इंग्रजीतून शिकवलं असतं तर हे इतकं थेट दिसलं नसतं, असं मला वाटतं.

'न्यूनगंड'ही रुळलेला. ही कल्पना मांडणाऱ्या अ‍ॅडलरचं नाव ज्यानं ऐकलं नाही तोही हा शब्द वापरतो. गंड म्हणजे फोड, सूज. गंडमाळेतला तोच. हिंदीवाले इथे 'ग्रंथि' म्हणतात, आपण ग्रंथी शरीरातल्या स्रावांसाठी ठेवली आणि मनासाठी फोड घेतला. फोड ठसठसतो, झाकला तर चिघळतो. शब्द करणाऱ्यानं विचार केला होता.

चकवणारा शब्द 'असंवेदनीकरण'. जोसेफ वोल्पेची १९५८ ची पद्धत : भीतीच्या पायऱ्या पाडायच्या, आधी अंग सैल सोडायला शिकवायचं, मग सगळ्यात खालच्या पायरीपासून एकेक चढायचं. किती माणुसकीची रीत आहे! पण शब्द ऐकून वाटतं, माणसाला दगड करायचा आहे. आपल्याकडे यासाठी घरातला शब्द आहे : भीड चेपणे. नवी सून चार दिवसांत बोलायला लागते तेव्हा आपण म्हणतो, भीड चेपली. कोणी चेपली नाही, हळूहळू चेपली गेली. पेपरात मी 'असंवेदनीकरण' लिहीन, पण कंसात नाही, शेजारी पूर्ण वाक्यात 'भीड चेपणे'ही लिहीन.

'बोधनिक', म्हणजे इंग्रजीतलं कॉग्निटिव्ह, माझ्या जिभेवर बसत नाही. बेकची पद्धत मात्र साधी आहे, मनात आपोआप उमटणारे विचार पकडायचे आणि ते खरे आहेत का तपासायचे.

सगळ्यात जास्त घोळ 'समानुभूती'वर, म्हणजे इंग्रजीतल्या एम्पथीवर, झाला. सहानुभूतीपेक्षा वेगळा शब्द हवा म्हणून तो केला, हे ठीक. पण 'समान अनुभूती' कशी येईल? ज्याचं जळतं त्याला कळतं, ही आपल्याकडची म्हण खोटी नाही. रॉजर्सनंही सावध केलं आहे, की दुसऱ्याचं जग आपलंच असल्यासारखं पाहा, पण त्यातलं 'जणू' सोडू नका. 'जणू' सुटलं की मी त्याच्यासोबत रडत बसेन, आणि तो मलाच पाणी आणून देईल. समानुभूतीत हे 'जणू' नाही. कुणाला सुचत असेल तर सांगा.

नंदुरबार, समाजकार्याचा विद्यार्थी

मॅडम, आमच्या नोट्समध्ये संरक्षण यंत्रणांच्या, म्हणजे त्रास टाळायला मन नकळत काढतं त्या पळवाटांच्या, यादीत 'विस्थापन' आहे. साहेबावरचा राग बायकोवर काढणं म्हणजे विस्थापन. वर्गात सरांनी विचारलं, विस्थापन म्हणजे काय? धडगावकडचा मुलगा उभा राहिला आणि सरदार सरोवर धरणाचं सांगायला लागला. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली मिळून आपल्या राज्यातली तेहतीस गावं त्याच्या बुडितक्षेत्रात आली, त्याच्या आजोबांचं गाव त्यातलं. सर त्याला 'चुकलं' म्हणाले. मला ते अजून पटलेलं नाही. ज्या भागात या शब्दाला इतका मोठा अर्थ आहे, तिथे पुस्तकातल्या अर्थासाठी 'राग भलतीकडे काढणं' लिहिलं तर काय बिघडतं? 'वड्याचं तेल वांग्यावर' म्हटलं तरी पोरं एका क्षणात समजतात.

जळगाव, निवृत्त मराठी शिक्षक

बाळा, त्या मुलाचं चुकलं नव्हतं. दोन्ही अर्थांत जागेवरून हलवलेलं काहीतरी आहे. शिक्षकानं आधी त्याचं ऐकून घ्यायचं आणि मग पुस्तकाकडे यायचं.

ताई, 'सुधरत नही'बद्दल राहिलं होतं. तुमच्याकडे 'माले', यावल-रावेरकडे लेवा बोलीत 'मले', पण 'सुधरत नाही' दोन्हीकडे. मला त्यात 'सुधबुध'मधली सुध ऐकू येते. सुध म्हणजे भान. मग ती बाई नुसतं 'सुचत नाही' म्हणत नव्हती, 'भान राहिलं नाही' असंही काहीसं म्हणत होती. तुमच्या मैत्रिणीनं तोच शब्द उचलून "काहीच सुधरत नाही?" एवढं परत विचारलं असतं, तरी परावर्तन पूर्ण झालं असतं. अर्थ न कळताही.

साक्री, किराणा दुकानदार

मी शिकलेला कमी, पण वाचतो सगळं. आमची आजी ओट्यावर बसायची. गल्लीतली भांडून आलेली सून असो की नापास झालेला पोरगा, ती एकच बोलायची : "बस आठे. काय व्हयनं ते सांग." मग तांदूळ निवडत राहायची. तोंडाकडे बघायची नाही, म्हणून समोरचा बोलायचा. मधे फक्त "मंग?" म्हणायची. तिच्याकडे येणाऱ्यांना काही नाव नव्हतं. आलेला माणूस, बस.

चोपडा, माध्यमिक शिक्षिका

भाऊ, तुमच्या आजींचं "मंग?" मी उचलते आहे. काल एका मुलासमोर "यावर तुला काय वाटलं?" असं पुस्तकी विचारलं तेव्हा तो "काही नाही" म्हणाला. आज वह्या तपासता तपासता, त्याच्याकडे न बघता, फक्त "मंग?" म्हटलं. तास संपल्याची घंटा झाली तरी तो उठला नाही.

पेपरात 'समुपदेशन' आणि 'समुपदेशार्थी' लिहीन, तिथे इलाज नाही. खोलीवरची पाटी अजून कोरी आहे. वकीलसाहेब, मुख्याध्यापकांपुढे 'अशील'ची बाजू मांडून पाहते. आणि त्या 'जणू'साठी शब्द कुणाकडे असेल तर परीक्षेआधी कळवा.